देवलापारच्या सात्या आणि ओपन प्लॉटवरच्या पांढऱ्या छत्र्या: एकच आहेत का?

बेसा_रोड | रविवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. काल रामटेकवरून पुढे देवलापारपर्यंत जाऊन आलो. परतताना हायवेच्या कडेला दोघी जणी पळसाच्या पानांवर सात्या, म्हणजे पावसाळी जंगली अळंबी, मांडून बसल्या होत्या. पाव किलो घेतल्या. भाव मटणाच्या बरोबरीचा, पण पावसाळ्यातच काय ते मिळतात म्हणून घासाघीस केली नाही.

आज सकाळी फिरायला निघालो तर आमच्या लेआउटमधल्या ओपन प्लॉटवर, गवतात, तशाच पांढऱ्या छत्र्या. भरपूर. सासूबाई गोंदियाकडच्या आहेत. कालच्या सात्या हातात घेतल्याबरोबर त्यांनी "ह्या खायच्याच" म्हणून सांगितलं. प्लॉटवरच्या पाहून मात्र म्हणाल्या, "ह्या आमच्या जंगलात मी कधी पाहिल्या नाहीत, मी चुलीवर चढवणार नाही." शेजारचे काका टोपलं घेऊन तयार आहेत, त्यांना दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या. दोन्हींचे फोटो लावले आहेत. अजून कोणी काही खाल्लेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

तांबट | सकाळी ८:५५

मोबाइलच्या अॅपवर तुमचा दुसरा फोटो टाकून पाहिला. 'खाण्यायोग्य' असं आलं.

वारूळवेडी | सकाळी ९:१०

अॅपचं उत्तर कृपा करून धरू नका, आणि काकांना आधी थांबवा. दोन्ही फोटो वरून काढलेले आहेत. वरून पाहिलं तर निदान चार वेगवेगळ्या गटांतल्या पांढऱ्या छत्र्या जवळपास सारख्या दिसतात. त्यातली एक पोट फाडते आणि एक जीव घेते. अॅपला फक्त वरचा रंग-आकार दिसतो. ओळख पटते ती गिल्सवरून (छत्रीखालच्या पातळ पापुद्र्यांवरून), देठाच्या बुडावरून आणि बीजाणूंच्या रंगावरून.

तीन गोष्टी करा. प्लॉटवरची एक छत्री ओढून काढू नका, खुरप्याने चहूबाजूंनी माती सैल करून बुडासकट उचला. छत्रीच्या खालचा फोटो, देठाचा फोटो, बुडाचा फोटो. मग ती उभी मधोमध कापून आणखी एक फोटो. तसेच फोटो देवलापारच्या सात्यांचेही हवेत. हात साबणाने धुवा. हात लावल्याने विषबाधा होत नाही, पण त्याच हाताने पोहे खाऊ नयेत एवढंच.

तणसाची_गंजी | सकाळी ९:३२

भंडाऱ्याचा आहे जी मी. आमच्या इकडे सात्या म्हणतात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे टेकोडे म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या खाऊन राहिलो, कोणाला काही झालं नाही. एवढं घाबरायचं काम नाही. भाजीत चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर फेका. लसूण टाकला आणि तो निळा-काळा झाला तरी फेका. आणि किडा लागलेली छत्री चांगलीच असते, किडा विष खात नाही.

वारूळवेडी | सकाळी १०:०५

दादा, तुमच्या घरच्यांना सात्या ओळखता येतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते ओळखतात ते नाण्यामुळे नव्हे. तुमच्या आईने किंवा आजीने सात्या आणल्या असतील त्या त्याच वारुळावरून, त्याच नक्षत्रात, जिथून त्यांच्या सासूने आणल्या होत्या. जागा ठरलेली, हंगाम ठरलेला, एकच जात. ते ज्ञान पक्कं आहे. नाणं त्यानंतर येतं, आणि नाण्याला काही कळत नाही.

चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. सर्वांत घातक असलेल्या अमानिटा या अळंबीच्या विषाचा चांदीवर काहीही परिणाम होत नाही. नाणं लख्ख राहील आणि भाजी मारेल. लसणाचंही तेच, आणि तांदूळ लाल होतात म्हणतात त्याचंही. किड्यांचं म्हणाल तर गोगलगायी आणि अळ्या विषारी अमानिटा आरामात खातात. त्यांचं शरीर वेगळं, आपलं वेगळं. उकळून पाणी फेकणं, उन्हात वाळवणं, चिंच-हळद घालणं, यातल्या कशानेही ते विष जात नाही. उकळत्या पाण्यात ते टिकतं.

हे परत परत सांगावं लागतं कारण मरणारी माणसं बहुतेक वेळा अडाणी किंवा बेपर्वा नसतात. एप्रिल २०२२ मध्ये आसामात जंगली अळंबी खाऊन थोड्याच दिवसांत १३ जण गेले. चहामळ्यांच्या भागातली, अळंबी गोळा करून खाणं ज्यांच्या घरात नेहमीचं आहे अशी कुटुंबं होती त्यांत.

गोरेवाडा_पायवाट | सकाळी १०:२०

वारूळवेडीताई, सात्या ओळखायच्या कशा ते एकदा सविस्तर लिहा ना. दरवर्षी पावसाळ्यात हा प्रश्न येतो आणि उत्तरं पंधरा ठिकाणी विखुरलेली असतात.

वारूळवेडी | सकाळी ११:१५

लिहिते. वनस्पतिशास्त्र शिकले आहे आणि पावसाळ्यात नागपूरच्या आसपासच्या जंगलात फिरते, त्या आधारावर.

सात्या म्हणजे शास्त्रीय नावाने टर्मिटोमायसीस. वाळवी, आपल्याकडची उदई, हिची शेती करते. पालापाचोळा, काटक्या चावून पोटातून बाहेर टाकते आणि वारुळाच्या आत त्याचे भोकाभोकांचे गोळे रचते. त्या गोळ्यांवर ही बुरशी वाढते, लाकडाचा कठीण भाग पचवते, आणि मग उदई ती बुरशी आणि तो मऊ झालेला माल खाते. सुमारे ३ कोटी वर्षांपासून हे चालू आहे. पाऊस पडून जमीन पुरेशी भिजली की बुरशी वारुळातून वर येऊन छत्री उघडते. माणसाला ही लागवड अजून व्यापारी पातळीवर जमलेली नाही, म्हणून बाजारात बटन मशरूम आणि धिंगरी बारमाही मिळतात, सात्या मात्र पावसाळ्यातच आणि त्याही जंगलातूनच.

या शेतीतून सात्यांची सगळ्यात मोठी खूण तयार होते. गोळे जमिनीखाली खोल असतात, छत्री वर असते, म्हणून देठ जमिनीत निमुळता होत खाली खाली जातो. लोक त्याला मुळी म्हणतात. अलगद खणत गेलं तर ती वीतभर, कधी हातभर निघते. वरून मातकट किंवा काळपट साल, आत पांढरंशुभ्र आणि चिवट, उभं सोलता येणारं. तुम्ही खणत खणत त्या गोळ्यापर्यंत पोचलात आणि उदई पळताना दिसली तर यापेक्षा चांगला पुरावा नाही.

दुसरी खूण छत्रीच्या मध्यभागी. तिथे टोकदार, कडक उंचवटा असतो, बहुधा बाकीच्या छत्रीपेक्षा गडद, राखाडी-तपकिरी. याच टोकाने ती माती फोडून वर येते. छत्री रेशमी, गुळगुळीत, आणि मोठी झाली की कडा उभ्या फाटतात. गिल्स पांढऱ्या, नंतर हलक्या गुलाबी, आणि देठाला चिकटलेल्या नसतात. बीजाणूंचा ठसा, म्हणजे छत्री कागदावर ठेवली की खाली पडणारी भुकटी, फिकट गुलाबी येतो. बुडाला पिशवी कधीच नसते.

बारीक सात्या वेगळ्या. उदई जुना माल वारुळाबाहेर आणून टाकते त्यावर त्या शेकड्यांनी उगवतात, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांना लांब मुळी नसते. म्हणून या नवख्याने घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण मुख्य खूणच गेली. कुजक्या लाकडाजवळ उगवणाऱ्या काळ्या ठशाच्या बारीक छत्र्याही तशाच झुंडीने येतात.

आता ज्यांच्याशी गल्लत होते त्या.

अमानिटा. पांढऱ्या जाती सगळ्यात वाईट. गिल्स पांढऱ्या, ठसाही पांढरा, देठावर घागऱ्यासारखं लोंबतं कडं, आणि बुडाला पांढरी पिशवी, जी मातीत लपलेली असते. छत्री हाताने उपटली की पिशवी जमिनीतच राहते आणि हातात येते ती निरुपद्रवी दिसणारी पांढरी छत्री. छत्रीवरचे पापुद्रे पावसाने धुऊन जातात. म्हणून खुरपं लागतं. अमानिटाच्या बहुतेक जाती झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात. साल, ओक, पाईन, काही प्रमाणात निलगिरी. आपल्या सागवनात सागाशी तिचं असं नातं नाही, पण कान्हा-बालाघाटकडे सालवन सुरू होतं, आणि निलगिरी तर जागोजागी लावली आहे. 'आपल्याकडे ती नसतेच' हे वाक्य मी कोणाच्या ताटाशेजारी बसून म्हणणार नाही.

एन्टोलोमा. हिचा धोका असा की हिचाही ठसा गुलाबी येतो. म्हणजे गुलाबी ठसा आला म्हणून सात्या, असं होत नाही. एन्टोलोमाच्या गिल्स बहुधा देठाला चिकटलेल्या असतात आणि खाली वारुळात जाणारी मुळी नसते.

आणि क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, गवतातली मोठी छत्री. पांढऱ्या पृष्ठावर तपकिरी खवले, मध्यभागी खवल्यांचा गडद तुकडा, देठावर वर-खाली सरकवता येणारं जाड कडं. कोवळी असताना गिल्स पांढऱ्या, म्हणून माणूस फसतो. ठसा हिरवा. बेसा_रोड, तुमच्या दुसऱ्या फोटोत मला खवले दिसतात असं वाटतं, पण फोटो येईपर्यंत नाव देणार नाही.

तणसाची_गंजी | दुपारी १२:०५

ताई, मुळीचं अगदी बरोबर आहे. आमची आई मुळी तुटलेली सात्या बाजारातून घेत नव्हती. आम्हाला वाटायचं वजन भरायला मुळी ठेवतात. नाण्याचं तुम्ही सांगितलं ते घरी सांगतो.

आणखी एक विचारतो. धानाच्या तणसाच्या गंजीवर पावसात छत्र्या येतात, त्या आमच्याकडे काही जण खातात. त्यांना बुडाला पिशवी असते. त्या मग विषारी का?

वारूळवेडी | दुपारी १२:४०

चांगला प्रश्न. ती व्हॉल्वेरिएला, तणसावरची अळंबी, आणि ती खाण्याचीच आहे, कितीतरी देशांत मुद्दाम पिकवतात. तिला पिशवी असते पण कडं नसतं, आणि ठसा गुलाबी. अमानिटाला पिशवी, बहुधा कडं, आणि ठसा पांढरा. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथल्या जंगलातली अमानिटा 'आपली तणसावरची' समजून खाल्ली आणि जीव गमावले, अशा नोंदी आहेत. गावाकडे ओळख अचूक होती. गाव बदललं, ओळख तीच राहिली.

म्हणून बेसा_रोड, तुमच्या सासूबाईंनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. ओळखीची होती ती लगेच ओळखली, ओळखीची नव्हती तिला हात लावला नाही. दिसायला सारखी आहे म्हणून त्यांनी मान डोलावली नाही.

डॉ_रात्रपाळी | दुपारी १:३०

धागा वाचतोय. औषधाच्या बाजूने लिहितो, कारण इथे वेळेचा हिशेब फार महत्त्वाचा आहे.

गवतातली हिरव्या ठशाची छत्री खाल्ली तर साधारण १ ते ३ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. फार जोराचे असतात, रक्तही पडू शकतं, लहान मुलं आणि म्हातारी माणसं पाणी कमी होऊन गंभीर होतात. सलाइन वेळेवर लागलं तर बहुतेक जण बरे होतात.

अमानिटाच्या विषाचं उलटं आहे. पहिले ६ ते १२ तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. रात्री जेवले, झोपले, पहाटे उलट्या-जुलाब. घरच्यांना वाटतं पाण्याने झालं, कारण भाजी तर काल रात्रीची. मग एखाद दिवसाने जुलाब थांबतात, माणूस चहा मागतो, बसून बोलतो. घरी न्यायची तयारी होते. त्याच वेळी आत लिव्हर निकामी होत असतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कावीळ, रक्त न गोठणं, बेशुद्धी. हे विष पेशीतलं जे एन्झाइम जनुकावरून आरएनए बनवतं ते बंद पाडतं, मग नवीन प्रथिनं बनतच नाहीत, आणि लिव्हरच्या पेशी सगळ्यात आधी मरतात. शेवटी काही जणांना लिव्हर प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही.

त्यामुळे जंगली अळंबी खाल्ल्यानंतर ६ तासांनी किंवा त्याहून उशिरा उलटी झाली, तर ती लवकर झालेल्या उलटीपेक्षा जास्त धोक्याची समजा. थेट नागपुरातली सरकारी रुग्णालयं, मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, जे जवळ असेल तिथे. गाडी नसेल तर १०८. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'जंगलातली अळंबी खाल्ली, अमुक वाजता, इतक्या जणांनी.' बरे वाटणाऱ्यांनाही सोबत न्या. उरलेली भाजी आणि न शिजवलेल्या छत्र्या कागदात गुंडाळून घ्या, प्लास्टिकमध्ये त्या सडतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ताक-तूप-लिंबाची वाट पाहू नका. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते चोवीस तास चालतं, तुमचे डॉक्टर तिथे विचारू शकतात.

मृगधारा | दुपारी २:१५

थोडं विषयाबाहेर आहे. माझ्या कुंडीत पिवळ्याधमक नाजूक छत्र्या आल्या आहेत. झाड मरेल का? घरात दोन वर्षांचं बाळ आहे.

वारूळवेडी | दुपारी २:३०

झाडाला काही होत नाही. ती कुंडीतल्या कुजक्या खतावर जगते. पण खाल्ली तर पोट बिघडतं, म्हणून बाळ लहान असेपर्यंत दिसली की काढून टाका. परत येईल, परत काढा.

बेसा_रोड | रात्री ९:५०

फोटो लावले आहेत. ताईंनी मला व्यक्तिगत संदेशात ठसा घ्यायची रीत सांगितली होती, तीच इथेही लिहितो. देठ छत्रीला लागून कापला. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद जोडून त्यावर छत्री गिल्स खाली करून ठेवली. वरून वाटी उपडी घातली. काळा कागद यासाठी की पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. रात्रभर ठेवायचं म्हणतात, उद्या सकाळी सांगतो.

देवलापारच्या सात्यांना मुळी होती, मी ती चिखल समजून कापायला निघालो तेव्हा सासूबाईंनी हात धरला. मुळी उभी चिरली तर आत पांढरी, दोरे दोरे निघतात. मधला उंचवटा बोटाला टोचतो. प्लॉटवरचीला खाली फक्त जाडसर गड्डा, मुळी नाही, पिशवी नाही. कडं मात्र आहे आणि ते खरंच वर-खाली सरकतं.

बेसा_रोड | सोमवार, सकाळी ७:२०

ठसे आले. देवलापारचा फिकट गुलाबी, पांढऱ्या कागदावर बारकाईने पाहावं लागतं. प्लॉटवरचा वाळलेल्या मेंदीच्या भुकटीसारखा हिरवा. काकांना कागद नेऊन दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि टोपलं आत ठेवून आले.

वारूळवेडी | सकाळी ८:००

हिरवा ठसा, सरकतं कडं, खवले, गवतातली जागा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. या सगळ्या खुणा एकत्र जुळल्यावर शंकेला जागा नाही.

देवलापारच्यांबद्दल: फोटोतल्या सगळ्या खुणा टर्मिटोमायसीसच्या आहेत. तरी फोटोवरून 'खा' असं मी कोणालाही लिहित नाही, तुम्हालाही लिहिणार नाही. तुमच्या घरात त्या ओळखणारं माणूस आहे आणि ते माणूस त्यांच्याच भागातल्या सात्यांबद्दल बोलतंय, हे माझ्या मतापेक्षा मोठं आहे. पाव किलोतली प्रत्येक छत्री त्यांनी वेगळी हातात घेऊन पाहावी. गोळा करताना एखादी परकी मिसळते, आणि चिरल्यावर काही कळत नाही. मुळी तुटलेल्या बाजूला काढा.

तांबट | सकाळी ८:२५

एक विचारू? पुढच्या रविवारी आम्ही तिघे-चौघे पेंचकडे स्वतः सात्या शोधायला जायचं ठरवतोय. कोणी सोबत येईल का?

गोरेवाडा_पायवाट | सकाळी ८:५०

व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत काहीही गोळा करायला बंदी आहे भाऊ, त्यामुळे तो बेत सोडा. बफरमध्येही विचारल्याशिवाय नको. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, वारुळाशी वाकून खणणाऱ्या माणसाने अस्वलाचा विचार करायला हवा. अस्वलाला उदई आवडते, तेही त्याच वारुळावर येतं. गावातल्या बाया एकट्या जात नाहीत, आवाज करत जातात. पाहायचंच असेल तर सेमिनरी हिल्सला पावसाची उघडीप मिळाली की सकाळी चला, कॅमेरा घेऊन. खाण्यासाठी नव्हे, ओळख शिकायला.

मृगधारा | सकाळी ९:१५

बेसा_रोड, प्लॉटवरच्या छत्र्यांचं काय केलंत? आमच्या लेआउटमध्येही तशाच आहेत आणि तिथे पोट्टे खेळतात, कुत्रीही असतात.

बेसा_रोड | सकाळी ९:४०

सकाळीच काढल्या. हातात पिशवी घालून बुडापासून उपटल्या आणि कचरागाडीत दिल्या. हिरव्या ठशाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली मराठीत आणि हिंदीत दोन ओळी लिहिल्या. पोळ्यापर्यंत पाऊस राहील तेवढे दिवस माळी रोज सकाळी पाहून काढणार आहे. कुत्र्यांनाही ह्या बाधतात का, ते डॉक्टरांनी सांगावं.

डॉ_रात्रपाळी | सकाळी १०:०५

हो, बाधतात. कुत्र्याने खाल्ली असेल तर लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात, छोटं पिल्लू लवकर खचतं. छत्रीचा तुकडा कागदात घेऊन लगेच पशुवैद्यांकडे न्यायचं. आणि मुलांना 'हात लावू नका' एवढंच सांगू नका, 'तोंडात घालायची नाही' असं स्पष्ट सांगा. हात लावला म्हणून घाबरून लपवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि आपल्याला तर ती लगेच सांगायला यायला हवी आहेत.